पूरकाळात आजारी व परावलंबी मुलांचे स्थलांतर : प्राथमिक शिक्षकाचे कार्य

नदीकाठच्या गावाला पूर अपरिचित नसतो. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा या नद्यांच्या काठी राहणारा शेतकरी श्रावणाच्या तोंडावर पाण्याकडे लक्ष ठेवूनच असतो. गुरे कोणत्या माळावर न्यावयाची, धान्याची पोती कोठे चढवावयाची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. धडधाकट माणूस अखेरच्या घटकेला निघाला तरी बहुधा सुखरूप बाहेर पडतो. ज्या घरात मधुमेहाचे रोज इन्सुलिन घेणारे मूल आहे, श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असणारे मूल आहे, किंवा ज्याला स्वतः उठून बसताही येत नाही असे मूल आहे, त्या घरास मात्र ही अखेरची घटका उपयोगाची नसते. अशा मुलांना पाणी येण्यापूर्वी कसे हलवावे आणि त्या कामी प्राथमिक शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. या कामी शिक्षकच का?

पूर प्रायः शाळेच्या वेळात येत नाही. पाणी वाढू लागले की शाळांना सुट्टी जाहीर होते आणि मुले घरोघर पांगतात. तेव्हा शाळा रिकामी करणे हा येथे मुख्य प्रश्न नाही. गावात असे मूल नेमके कोणत्या घरात आहे, त्याला काय लागते आणि ते कोण देते, ही माहिती हाताशी असणे हा खरा प्रश्न आहे. ही माहिती गावात ज्यांच्यापाशी असू शकते अशी माणसे थोडी : आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक. पैकी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे वर्षानुवर्षे लिहून ठेवणारा शिक्षकच होय.

हजेरीपटावर काही नावे अशी असतात की ज्यांची जागा वर्गात रिकामीच राहते. मेंदूच्या पक्षाघातामुळे अंथरुणास खिळलेला मुलगा, स्नायू क्षीण होत गेल्यामुळे चालणे बंद झालेली मुलगी, यांना घरीच शिक्षण देण्याची व्यवस्था असते व विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जातात. वर्गातील उपस्थिती मोजताना ही मुले नजरेआड होतात. पुराच्या वेळी सर्वांत आधी आठवावयाची नावे हीच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या आठव्या कलमाने आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांग व्यक्तींना समान संरक्षण देण्याची जबाबदारी शासनयंत्रणेवर टाकली असून, जिल्ह्यातील अशा व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवावी असेही सांगितले आहे. याच अधिनियमाने थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल या रक्तविकारांचाही दिव्यांगतेत समावेश केला आहे. परंतु जिल्ह्याची नोंद गावच्या नोंदीवरूनच तयार व्हावयाची. गावची यादी अपुरी असेल तर जिल्ह्याची यादी पुरी कोठून होणार?

२. मागील पुरांनी दिलेला धडा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत जो महापूर आला, त्याने अनेक समजुती धुऊन नेल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे; तेथे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला व कित्येक दिवस बंद राहिला. गावोगावी वीज गेली, पिण्याचे पाणी तुटले, औषधांची दुकाने बुडाली.

२००५ सालच्या पुराची खूण अनेकांच्या भिंतीवर होती. पाणी त्या खुणेच्या पुढे जाणार नाही, या विश्वासावर पुष्कळ कुटुंबे घरात थांबली. २०१९ चे पाणी त्या खुणेपेक्षा कित्येक फूट वर गेले. जुनी खूण ही झालेल्या पुराची नोंद होय. येणाऱ्या पुराची ती हमी नव्हे.

त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली आणि स्त्रिया व मुले यांसह अनेकांचे प्राण गेले. उशिरा निघणाऱ्याच्या वाट्यास अशी गर्दीची नाव येते. ज्या मुलाला मान सावरता येत नाही, ज्याच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र ठेवलेले आहे, त्याला अशा नावेत बसविणे म्हणजे एका संकटातून काढून दुसऱ्या संकटात घालणे होय.

सर्व नद्यांची चाल सारखी नसते, हेही ध्यानात ठेवावे. कृष्णा-पंचगंगेचे पाणी दिवसांच्या हिशेबाने चढते. कोकणातील वाशिष्ठी व सावित्री या नद्या काही तासांतच गावात शिरतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड या गावांनी याचा अनुभव घेतला. वैनगंगेच्या खोऱ्यात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पूर आला. त्या भागात सिकलसेल विकाराची मुले अधिक आहेत, आणि भिजणे, गारठणे व पाणी कमी पिणे या तिन्ही गोष्टी त्या विकाराच्या असह्य वेदना ओढवून आणतात. ज्याने त्याने आपल्या नदीची चाल ओळखून वेळेचा हिशेब मांडावा.

३. मुख्य नियम : एक पायरी आधी

या सर्व विवेचनाचे सार एका नियमात सांगता येईल. इतर गावकरी ज्या पातळीला निघतात, तिच्या एक पायरी आधी आजारी व परावलंबी मुलाने निघावे. गाव धोका पातळीला हलणार असेल तर हे मूल इशारा पातळीला, शक्य तर तिच्याही आधी, गावाबाहेर गेलेले असावे.

याची कारणे साधी आहेत. घरात पाणी शिरण्याच्या पुष्कळ आधी रस्ता बुडतो. रस्ता चालू असेपर्यंत मूल रुग्णवाहिकेतून, रिक्षातून किंवा ट्रॅक्टरमधून आपल्या सर्व साहित्यासह जाऊ शकते. रस्ता बुडाल्यावर केवळ नाव उरते, आणि नावेत ऑक्सिजनचे नळकांडे, चाकांची खुर्ची, औषधांची पेटी यांना जागा उरत नाही. शिवाय अशा मुलाला तयार करण्यासच वेळ लागतो. पाणी आले नाही तर मूल दोन दिवस मावशीकडे राहून परत येईल, एवढाच तोटा. आले, तर मात्र तेच दोन दिवस त्याचे प्राण वाचवितात.

पालकांना हे पटविणे नेहमीच सोपे नसते. नदीकाठच्या कोणत्याही गावी घडावा असा एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊ. तिसरीतील एका मुलाला आकडीचा विकार आहे व रोज दोन वेळा गोळी चालू आहे. पाणी वाढू लागल्याचे पाहून गुरुजी घरी जातात. सोप्यात बसलेले आजोबा म्हणतात, “गुरुजी, दोन हजार पाचला पाणी ह्या उंबऱ्याला लागून मागं फिरलं. आमी कुटं गेलो न्हवतो. पोराला ह्या पावसात कशाला हलवायचं?”

“आबा, उंबऱ्याचं राहू द्या. आपला रस्ता किती पाण्याला बुडतो?”

“त्यो काय, वढा फुगला की आदी त्योच बुडतोय.”

“आणि पोराच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत?”

आजोबा आत पाहून सुनेला विचारतात. उत्तर येते, “चार दिस पुरतील, मामंजी.”

गुरुजी पुढे काही बोलत नाहीत. थोड्या वेळाने आजोबाच म्हणतात, “पोरी, पिशवी भर.”

या प्रसंगात शिक्षकाने भीती घातली नाही की उपदेश केला नाही. घराचा प्रश्न रस्त्याकडे आणि रस्त्याचा प्रश्न औषधाकडे वळविला. खेड्यातील वडीलधाऱ्या मंडळींना हिशेब पटतो. तो त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा.

४. यादी करणे व ती जपणे

यादीचे काम जून महिन्यात, शाळा सुरू होताच करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते; त्याच्या नोंदी, विशेष शिक्षकांची माहिती व पालकांचे म्हणणे यांचा मेळ घालावा. अंगणवाडी सेविकेकडून सहा वर्षांखालील मुलांची नावे मिळवावीत. प्रत्येक मुलाविषयी पुढील गोष्टी एका पानावर लिहाव्यात :

(अ) मुलाचे नाव, वय, घराची जागा, व घरापर्यंत वाहन जाते की नाही;
(आ) विकाराचे डॉक्टरांनी लिहिलेले नाव, औषध, त्याचे प्रमाण व वेळा;
(इ) कोणती वस्तू विजेवर चालते व वीज गेल्यास ती किती वेळ चालेल;
(ई) मूल कसे चालते, कसे खाते, कसे बोलते, व कोणत्या स्थितीत निजवावे;
(उ) मुलाची रोजची शुश्रूषा करणारी व्यक्ती, व ती नसल्यास दुसरी कोण;
(ऊ) उपचार करणारे डॉक्टर व रुग्णालय;
(ए) पुराच्या वेळी जावयाचे ठिकाण, तेथवर नेणारे वाहन, व सोबत जाणारे दोन शेजारी.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘कोणी तरी नेईल’ या विसंबण्यात मूल मागे राहते. दोन शेजाऱ्यांची नावे ठरवून, त्यांची संमती घेऊन व त्यांना एकदा मुलाच्या घरी नेऊन ठेवावे. मुलाला उचलावे कसे, हे त्यांनी आईकडूनच शिकून घ्यावे.

येथे एका नाजूक गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. आकडी, रक्तविकार, मूत्रमार्गातील नळी यांविषयी घरे सहसा बोलत नाहीत. मुलगी असेल तर पुढे तिच्या लग्नाचे कसे होईल, या चिंतेने आईबाप विकार लपवितात. म्हणून ही माहिती वर्गात विचारू नये, फलकावर लिहू नये, पालकसभेत वाचू नये, व भ्रमणध्वनीवरील गावाच्या समूहातही टाकू नये. मुख्याध्यापक, आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांच्यापाशीच पूर्ण यादी असावी. सरपंच व पोलीस पाटील यांस केवळ घर, माणसांची संख्या व लागणारे वाहन एवढे कळविले तरी पुरते. गुरुजींना सांगितलेली गोष्ट गुरुजींपाशीच राहते, हा विश्वास एकदा ढळला तर पुढील वर्षी यादी कोरी राहील.

५. सोबतची पिशवी

प्रत्येक मुलासाठी घरातील उंच खुंटीवर एक जलरोधक पिशवी जूनपासून भरून टांगलेली असावी. तीत किमान पंधरवड्याचे औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीची व रुग्णालयातील कागदांची प्रत, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, कोरडे कपडे, चादर, मुलाचा नेहमीचा पेला व चमचा, विजेरी, आणि ज्या वस्तूवाचून मूल झोपत नाही अशी एखादी वस्तू असावी. औषध जुने होऊ नये म्हणून महिन्याकाठी नवे आत ठेवून आधीचे वापरावे. मुलाचे नाव, विकार, औषध व पालकांचा दूरध्वनी लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून मुलाच्या सदऱ्याच्या आतील बाजूस शिवावा. तो बाहेर दिसू नये, परंतु डॉक्टरांच्या हातास लागावा.

६. विकारपरत्वे घ्यावयाची काळजी

शिक्षक हा वैद्य नव्हे, व त्याने वैद्य होऊ नये. औषधाचे प्रमाण ठरविणे हे डॉक्टरांचे काम होय. तथापि पुढील गोष्टी माहीत असल्यास वाटेत व छावणीत होणारा अनर्थ टळेल.

मधुमेह : बालवयातील मधुमेहात इन्सुलिन हे अन्नाइतकेच आवश्यक असते. मूल जेवले नाही किंवा त्याला उलटी झाली म्हणून ते आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये. लागलीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची असते. वापरात असलेली कुपी उन्हापासून दूर, थंड जागी, साधारणतः चार आठवडे टिकते. वीज गेल्यास मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतील भांड्यात कुपी ठेवण्याचा उपाय चांगला. बर्फाला ती चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मुलाला घाम सुटला, हातपाय कापू लागले, ते असंबद्ध बोलू लागले, तर रक्तातील साखर उतरली असे समजावे. शुद्धीवर असल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पाऊण घटकेने म्हणजे सुमारे पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहावे व नंतर खाऊ घालावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

आकडी : रोजची गोळी एकाएकी चुकली की आकडी बळावते. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र द्यावे, घड्याळ पाहावे. कांदा किंवा पादत्राण हुंगविणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे या गोष्टी करू नयेत. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा शुद्ध न येता पुन्हा आली तर विलंब न लावता वैद्यकीय मदत मिळवावी. नावेत असे मूल काठावर बसवू नये.

दमा : ओल, धूर व बुरसा हे दम्याचे वैरी. फवाऱ्याचे औषध व त्याची नळी मुलाच्या अंगावरील पिशवीतच असावी. छावणीत चुलीपासून व धूळभरल्या सतरंज्यांच्या ढिगापासून त्याची जागा दूर ठेवावी.

रक्तविकार : सिकलसेलच्या मुलाला कोरडे व उबदार ठेवावे आणि वरचेवर पाणी पाजावे. थॅलेसेमियाच्या मुलाला ठराविक आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. पुढील तारीख यादीत लिहिलेली असली म्हणजे त्याला रक्तपेढी असलेल्या गावाकडेच हलविता येते. हिमोफिलियाच्या मुलाला लहानशी ठेचही जड जाते. त्याला अंधारात दगडधोंड्यांतून चालवू नये, व अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये.

परावलंबी मूल : मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला दोन्ही हात धरून ओढू नये. पाठीखाली व गुडघ्यांखाली हात घालून उचलावे, किंवा भक्कम खुर्चीत बसवून दोघांनी न्यावे. आडवे निजवून भरवू नये; घास श्वासनलिकेत जातो. नळीने अन्न घेणाऱ्या मुलाचे डोके भरवताना व नंतर अर्धा तास उंच ठेवावे. नावेत मुलाला खुर्चीला किंवा नावेला कधीही बांधू नये. नाव कलंडल्यास बांधलेले मूल सुटू शकत नाही. त्याला तरंगणारे जाकीट घालून जाणत्या माणसाच्या पुढ्यात बसवावे.

श्वासयंत्रावरील मूल : घरातील ऑक्सिजन यंत्र विजेवर चालते, वीज जाताच ते थांबते. अशा मुलाचे स्थलांतर सर्वांच्या आधी, आणि छावणीऐवजी थेट रुग्णालयात करावे. गळ्यास श्वासछिद्र असलेल्या मुलाला पाण्यातून कदापि नेऊ नये. त्याची शोषणनळी व जादा नळी आईच्या हाती असावी. ऑक्सिजनच्या नळकांड्याजवळ दिवा, चूल वा विडी पेटवू देऊ नये.

७. छावणीतील व्यवस्था

पुष्कळदा शाळेची इमारतच छावणी होते व शिक्षक तिचा व्यवस्थापक. प्रथम विचार असा की, मूल व त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांची ताटातूट होऊ नये. आई एका नावेत व मूल दुसऱ्या नावेत असे घडू देऊ नये, कारण मुलाच्या खुणा आईलाच कळतात. या कुटुंबांस तळमजल्यावरील कोरडी, शौचालयाजवळची व विजेचे बटन असलेली खोली द्यावी. नळी बदलणे, कपडे बदलणे यांसाठी पडदा लावावा. छावणीतील यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती पहिल्याच भेटीत द्यावी.

दयाळू लोक छावणीत लाडू, केळी, बिस्किटे आणून वाटतात. त्यांचा हात मागे सारू नये. मात्र मधुमेही मुलाचे जेवण वेळेवर व इन्सुलिनच्या मानाने व्हावे म्हणून खाऊ आईच्या हाती द्यावा. पिण्याचे पाणी उकळलेले अथवा शुद्ध केलेले असावे. पुराच्या पाण्यातून चालल्यावर पाय स्वच्छ धुवावेत. लेप्टोस्पायरोसिस हा रोग अशा पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ व कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत. मदत मागताना ‘एक आजारी मूल आहे’ एवढेच सांगू नये. ‘नऊ वर्षांचा मुलगा, चालता येत नाही, ऑक्सिजन लागतो, नळकांडे तीन तास पुरेल, सोबत आई’ असे सांगावे. नेमक्या निरोपाने नेमके साहाय्य येते.

८. इयत्ता चौथीसाठी नमुना पाठ

विषय : परिसर अभ्यास व गणित यांचा समन्वय. साहित्य : फुटांच्या खुणा केलेला बांबू, खडू, गावाचा नकाशा.

प्रस्तावना : शिक्षकाने बांबू उभा करून विचारावे : नदीचे पाणी किती चढले हे कशावरून कळते? आपल्या गावी सर्वांत आधी काय बुडते : घर, शेत की रस्ता? मुले बहुधा शेत व रस्ता असेच सांगतील.

विषयप्रतिपादन : फळ्यावर उदाहरण लिहावे. ‘सकाळी ६ वाजता पाणी ३६ फुटांवर आहे. दर ३ तासांनी ते १ फूट चढते. गावचा रस्ता ४० फुटांवर बुडतो. रस्ता किती वाजता बुडेल?’ चार फूट चढण्यास १२ तास, म्हणजे सायंकाळी ६ वाजता, हे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे. मग पुढे विचारावे : ‘आजीला घेऊन गावाबाहेर जाण्यास तयारीसह ३ तास लागतात, तर उशिरात उशिरा केव्हा निघावे?’ उत्तर दुपारी ३. यानंतर गणित बदलावे : ‘धरणातून जादा पाणी सोडले व दर दीड तासाला १ फूट पाणी चढू लागले, तर?’ रस्ता दुपारी १२ वाजताच बुडेल, आणि निघण्याची अखेरची वेळ सकाळी ९ होईल. वेग दुप्पट होताच हातचे सहा तास गेले, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

संकलन : ‘ज्याला निघण्यास अधिक वेळ लागतो, त्याने आधी निघावे’ हा नियम मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहावा. उदाहरणात म्हातारी आजी, बाळंतीण, लहान बाळ अशीच माणसे घ्यावीत. वर्गातील एखाद्या आजारी मुलाकडे बोट दाखवून पाठ देऊ नये. त्याला तो पाठ कायमचा बोचत राहील.

उपयोजन : प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून उंच जागेपर्यंतची वाट काढावी व घरी जाऊन वडीलधाऱ्यांस दोन प्रश्न विचारावेत : आपला रस्ता किती पाण्याला बुडतो? आपल्या घरातून सर्वांत आधी कोणी निघावे? दुसऱ्या दिवशी आलेल्या उत्तरांवरून गावाचा नकाशा पुरा करावा.

हा पाठ देताना आजारी मुलालाही त्याचा वाटा मिळावा. आपले औषध कोणते, ते केव्हा घ्यावयाचे व बरे वाटेनासे झाल्यास कोणाला सांगावयाचे, हे आठ-नऊ वर्षांचे मूल पुष्कळ अंशी शिकू शकते. ज्याला आपली पिशवी कोठे आहे हे ठाऊक आहे, ते मूल गर्दीत घाबरत नाही.

९. पाणी ओसरल्यावर

परतण्याची घाई करू नये. घर वाळले आहे, वीज आली आहे, पिण्याचे पाणी शुद्ध आहे व औषध मिळण्याची सोय आहे, या चार गोष्टी पाहूनच मुलाला परत आणावे. भिजलेली औषधे व उष्णतेत राहिलेले इन्सुलिन वापरू नये. भिंतींवर बुरसा असेपर्यंत दम्याचे मूल नातेवाइकांकडेच असलेले बरे. शाळा भरताच शिक्षकाने यादीतील प्रत्येक घरी एक फेरी मारावी. कोण केव्हा निघाले, कोठे अडचण आली, काय कमी पडले, हे त्याच पानावर लिहावे. पुढील जूनमध्ये ते पान सर्वांत उपयोगी ठरेल.

१०. शिक्षकांसाठी स्वाध्याय

(१) हजेरीपटावर नाव असून वर्गात न येणारी मुले किती, व ती कोणत्या घरांत आहेत, हे लिहून काढा.
(२) गावाचे बाहेर जाणारे रस्ते नदीच्या कोणत्या पातळीस बंद होतात, याची नोंद जाणत्या ग्रामस्थांकडून घ्या व शाळेच्या भिंतीवर खूण करा.
(३) यादीतील प्रत्येक मुलासाठी दोन सोबती व एक वाहन ठरले आहे काय, ते पडताळा.
(४) कोरड्या दिवशी एका मुलाच्या घरापासून ठरलेल्या ठिकाणापर्यंत प्रत्यक्ष जाऊन किती वेळ लागतो, तो मोजा. पावसात याच्या दुप्पट वेळ धरावा.
(५) प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर जूनमध्ये एक बैठक घेऊन यादी त्यांच्या नजरेखालून घाला.

हे काम एका शिक्षकाच्या एका आठवड्याचे आहे. त्यास मोठा खर्च नाही; एक वही, काही फेऱ्या व घरोघरच्या माणसांशी जिव्हाळ्याचे बोलणे एवढेच लागते. पाणी केव्हा चढेल हे शिक्षकाच्या हाती नाही. पाणी चढू लागेल तेव्हा गावातील कोणत्या दारावर आधी थाप पडावी, हे मात्र ज्याच्या वहीत लिहिलेले आहे त्याच्या हाती आहे. ती वही या जूनमध्येच घालावी.